रोज पाडायची भिंत

गवंडी ट्रेडच्या कार्यशाळेतली भिंत पाडण्यासाठीच बांधलेली असते. म्हणून तिला सहसा सिमेंटचा माल लावत नाहीत. मातीचा नाहीतर हलक्या चुन्याचा माल कालवायचा, म्हणजे विटा सुट्या होतात आणि खरवडून पुढच्या तुकडीला वापरता येतात. जोडारीचं शिकणारा मुलगा घासून तयार केलेला जॉब घरी नेऊन दाखवू शकतो, सुतारकामवाल्याचं स्टूल संस्थेच्या कचेरीत वर्षानुवर्षं बसायला वापरतात. गवंडीकाम शिकणाऱ्याकडे वर्षाअखेरीस दाखवायला उरतं ते जर्नल आणि प्रमाणपत्र. आयटीआयमध्ये बांधकामाचे ट्रेड शिकवणाऱ्या शिल्प निदेशकाची निम्मी अडचण इथे आहे.

निम्मी म्हणतो, कारण उरलेली प्रवेशाच्या वेळीच समोर येते. वीजतंत्रीच्या जागांवर झुंबड उडते. गवंडी आणि रंगारी शेवटच्या फेरीपर्यंत ताटकळतात. जो बाप स्वतः मिस्त्री आहे तोच मुलाला इथे घालायला सर्वांत नाखूश असतो. एक तर त्याला पोरगा उन्हातून बाहेर काढायचा असतो. आणि काढायचा नसेल, तर तो सरळ विचारतो: भिंत बांधायला शाळा कशाला? उद्यापासून माझ्याबरोबर साइटवर चल, बिगाऱ्याची हजेरी तरी पडेल.

हा प्रश्न मला खुळचट वाटत नाही. या देशातले बहुतेक गवंडी असेच तयार झाले. घमेली वाहता वाहता थापी हातात आली, उस्तादाच्या नजरेखाली हात बसला. हाताची सफाई जितकी साइटवर येते तितकी कार्यशाळेत येत नाही, हे अनुभवी निदेशकही नाकारणार नाही. मग संस्थेने द्यायचं काय?

उत्तर किल्लारीत मिळतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागात जवळपास आठ हजार माणसं गेली, ती मुख्यतः स्वतःच्याच घरांखाली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. त्या भिंती बाहेरून देखण्या होत्या, घडीव दगड नीट बसवलेला होता. पण बऱ्याच भिंतींमध्ये आतला आणि बाहेरचा असे दोन वेगळे पदर होते, मधे दगडगोट्यांची भर, आणि दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. हादरा बसताच पदर सुटले. भूकंपरोधक दगडी बांधकामासाठीचं भारतीय मानक १३८२८ याच वर्षीचं. ते सांगतं की दर ६० सेंटिमीटर उंचीला आणि आडव्या अंगाने जास्तीत जास्त १.२ मीटरवर असा बांधदगड हवा. भूकंपात टिकलेल्या जुन्या भिंती पुढे बळकट करताना गवंड्यांना नवं तंत्र शिकवावं लागलं. भिंतीतून हलक्या हाताने दगड काढून आरपार भोक पाडायचं, त्यात आकड्यासारखी वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. त्यांचा हात चांगलाच होता. भिंत कशामुळे उभी राहते, एवढंच कुणी सांगितलं नव्हतं.

निदेशक विकतो तो हाच ‘का’. पण दहावीपर्यंत गणिताने छळलेल्या मुलाला तो फळ्यावर पचत नाही. लेव्हल पाईपचा तास पाहावा. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन मुलं दोन खांबांपाशी उभी राहतात. पाणी स्थिरावलं की खुणा करायच्या, इतकं सोपं. दोरी बांधून झाल्यावर निदेशक पाणसळ लावतो तर बुडबुडा एका बाजूला पळालेला. मुलं आधी पाणसळीलाच खोटं पाडतात. मग कुणीतरी नळी उजेडात धरतो आणि मधल्या वाकणात अडकलेली हवा दिसते. चांगला निदेशक ती आधीच दिसलेली असूनही गप्प बसलेला असतो. त्या तासानंतर नळी झटकून हवा काढल्याशिवाय कुणी खूण करत नाही. साइटवर उस्तादाने याच चुकीला शिवी घातली असती. काम पुढे सरकलं असतं, कारण मात्र कळलं नसतं.

अशा तासांना वेळ आहे. नव्या अभ्यासक्रमात वर्षाचे १,२०० तास, त्यातले ८४० प्रात्यक्षिकाचे. शिवाय १५० तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घालवायचे. कागदावर ही तरतूद उत्तम आहे. प्रत्यक्षात ठेकेदाराला स्लॅबच्या दिवशी पायात घुटमळणारी चोवीस पोरं नको असतात, आणि परांचीवरून एखादं पडलं तर जबाबदार कोण, हा त्याचा सवालही रास्त आहे.

यातून वाट काढणारे प्रयोग महाराष्ट्रात जुने आहेत. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला, तो शिक्षण खऱ्या कामातून व्हावं म्हणूनच. त्याच्या कार्यक्रमात शाळेतली मुलं आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करतात, गावातल्या लोकांची कामं घेतात आणि त्यांचे पैसेही आकारतात. गिऱ्हाईक आलं की मोजमापाला अर्थ येतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण गवंडी प्रशिक्षणातही हेच सूत्र आहे. ४५ दिवसांत एका लाभार्थ्याचं खरं घर बांधत शिकायचं. घर खरं असल्याने काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं, आणि रविवारी कोण येणार यावरून भांडणंही होतात. क्युरिंगवरचं कुठलंही व्याख्यान याच्या जवळपास पोचत नाही.

मात्र ४५ दिवसांचा वर्ग आणि वर्षभराचा ट्रेड यांत फरक आहे. पहिल्यात बहुधा साइटवर आधीपासून राबणारी सज्ञान माणसं येतात. आयटीआयच्या मुलाचं वय आडवं येतं. पंधराव्या वर्षी प्रवेश घेतलेला मुलगा वर्षभराचा ट्रेड करून सोळाव्या वर्षी बाहेर पडतो. बांधकाम कामगार म्हणून नोंदणीला १८ वर्षं पूर्ण लागतात, आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस कामही. अठराच्या आतल्या मुलाला धोक्याच्या कामावर घेता येत नाही, आणि तसंच असायला हवं. मग मधली दोन वर्षं तो करतो काय? काही जण मामाच्या साइटवर बिनानोंदीचे राबतात. बाकीचे दुसऱ्याच कामाला लागतात, शिकलेलं तिथेच संपतं.

त्यात विरोधाभास असा की याच संस्थांची कुंपणभिंत ढासळली तर निविदा निघते आणि ठेकेदाराची माणसं येऊन ती बांधतात. आत तुकडी आपली भिंत उतरवून विटा रचत असते. जिल्हा परिषदेच्या शाळेचं कुंपण, अंगणवाडीचा ओटा, ग्रामपंचायतीच्या गटाराच्या कडा अशी जमिनीलगतची, परांची न लागणारी, रकमेने किरकोळ कामं दर तालुक्यात निघतात. त्यांतली काही जवळच्या आयटीआयला देता येतील. मोजमापवही निदेशकाने भरावी, तपासणी नेहमीच्या अभियंत्याने करावी. यासाठी निविदेच्या नियमांत एक कलम वाढवावं लागेल, आणि काम उशिरा झालं तर दंड कुणाला, हे आधी ठरवावं लागेल.