अभिकर्त्याच्या हाती ‘पूर्ववत्’ आज्ञा

संगणकावर आरेखन करताना चूक झाली असता शेवटची कृती मागे घेऊन आरेखन तत्पूर्वीच्या स्थितीस नेणारी जी आज्ञा, तिला ‘पूर्ववत्’ आज्ञा म्हणता येईल. व्यवहारात ती ‘अनडू’ या इंग्रजी नावानेच परिचित आहे. वॉरन टाइटलमन याने १९७० च्या सुमारास लिस्प भाषेच्या एका प्रणालीत अशी सोय केली होती. १९८२ साली आलेल्या ऑटोकॅडमध्ये आणि पुढे फ्रीकॅडसारख्या मुक्त प्रणालींतही ती रूढ झाली. तिच्या मुळाशी मात्र एक अध्याहृत कल्पना आहे : आज्ञा देणारा माणूस आहे, तो एका वेळी एकच कृती करतो, आणि तिचा परिणाम पडद्यावर पाहतो. माणसाची सूचना वाचून आरेखनप्रणालीला स्वतः आज्ञा देणारी कृत्रिम प्रज्ञेची आज्ञावली, म्हणजेच अभिकर्ता, या व्यवहारात आला की ही कल्पना लागू पडत नाही.

उदाहरणादाखल वाशीम जिल्ह्यातून वाहणाऱ्या पैनगंगेवर कोल्हापुरी पद्धतीच्या एका बंधाऱ्याचे आरेखन चालू आहे, असे कल्पावे. अशा बंधाऱ्यात खांबांमधील गाळ्यांत पावसाळा सरल्यावर लोखंडी दरवाजे बसवून पाणी अडवितात. पाण्याची मोकळी वाट एकूण ४० मीटर व प्रत्येक गाळा २ मीटरचा धरला, तर गाळे २० आणि मधले खांब १९ होतात. ‘गाळा अडीच मीटरचा करावा’ अशी एकच सूचना अभियंता अभिकर्त्यास देतो. गाळे १६ व खांब १५ होतात. परंतु तेवढ्यासाठी अभिकर्ता चार खांब पुसतो, उरलेले सरकवितो, दरवाज्यांची रुंदी बदलतो, मापे नव्याने लिहितो, परिमाणांचा तक्ता सुधारतो. सूचना एक, पण प्रणालीच्या नोंदीत कृती तीस-चाळीस.

यानंतर अभियंता चाचणीखड्ड्याची नोंद पाहतो. डाव्या काठाशी मुरूम अपेक्षेपेक्षा खोलवर गेला असून कठीण खडक खाली आहे, असे दिसल्यावरून तो त्या काठच्या भिंतीचा पाया स्वहस्ते अधिक खोल घेतो. मग त्याच्या ध्यानात येते की अडीच मीटरचा दरवाजा हाताने उचलण्यास जड जाईल, आणि तो अभिकर्त्यास गाळे पहिल्यासारखे करण्यास सांगतो. अभिकर्ता ‘पूर्ववत्’ आज्ञा देऊ लागतो. नोंद शेवटून मागे उलगडत असल्यामुळे सर्वप्रथम पायाची दुरुस्तीच नाहीशी होते, आणि तीही निमूटपणे. पुढे मोजणीत एका-दोन कृतींची चूक झाली, तर काही खांब जुन्या जागी व दरवाजे नव्या मापाचे, अशी कोणालाच नको असलेली अवस्था उरते. विसंगत दरवाजा निदान नजरेस पडेल; परंतु मुरमावर टेकलेला उथळ पाया कागदावर निर्दोषच दिसतो.

पहिला उपाय प्रणालींत पूर्वीपासून आहे. ऑटोकॅडमध्ये आरंभ व अंत यांच्या खुणा करून अनेक कृतींचा एक गट बांधता येतो व तो एकदम मागे घेता येतो. फ्रीकॅडमध्ये व्यवहार उघडणे, पक्का करणे आणि रद्द करणे अशा तीन आज्ञा आहेत. अभिकर्त्याने प्रत्येक सूचनेसाठी असा एक नामनिर्दिष्ट गट उघडावा. मागे घेण्याचे एकक आज्ञा नव्हे, सूचना असावी. तथापि एवढ्याने पायाचा प्रश्न सुटत नाही, कारण ती दुरुस्ती गटाच्या नंतरची आहे. मधलीच कृती निवडून मागे घेण्याची रीत टॉमस बेर्लागे याने १९९४ साली मांडली. परंतु मापे परस्परांवर अवलंबून असलेल्या आरेखनात ती जपूनच वापरावी लागते : त्या पायाची लांबी नव्या खांबाच्या स्थानावरून काढलेली असेल, तर खांब मागे नेल्यावर तिचे काय करावयाचे, हे यंत्राने परस्पर ठरविणे इष्ट नव्हे. म्हणून आपल्या गटानंतर दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नसेल तरच अभिकर्त्याने तो मागे घ्यावा, अन्यथा थांबून विचारावे, हा नियम कितीही बाळबोध वाटला तरी अधिक सुरक्षित होय.

दुसरी अडचण कमी चर्चिली जाते. माणसास पडदा दिसतो. अभिकर्त्यास बहुधा मिळते ते केवळ प्रणालीचे उत्तर. ‘आज्ञा पार पडली’ एवढेच उत्तर आले, तर पुसले गेलेले घटक अस्तित्वात आहेत असे समजून तो पुढील आज्ञा देत राहतो. अभियंत्याने स्वतःच काही मागे घेतले असेल, तर अभिकर्त्यास त्याचा पत्ताही नसतो. तेव्हा प्रत्येक ‘पूर्ववत्’ आज्ञेच्या उत्तरात कोणते घटक परतले, कोणते गेले व कोणती मापे बदलली यांची यादी असणे आवश्यक आहे. नवी कृती आरंभण्यापूर्वी अभिकर्त्याने आरेखनाची स्थिती पुन्हा वाचणेही तितकेच आवश्यक आहे.

आरेखनाबाहेर गेलेली गोष्ट मात्र या आज्ञेच्या कक्षेत येत नाही. छापलेला कागद किंवा स्वतंत्र धारिकेत लिहिलेला मजकूर ऑटोकॅडलाही मागे घेता येत नाही. गार्सिया-मोलिना व सेलम यांनी १९८७ साली आधारसामग्रीच्या दीर्घ व्यवहारांसाठी अशा ठिकाणी भरपाईच्या कृतीची योजना सुचविली : झालेले पुसावयाचे नाही, त्याचा परिणाम निवारणारी दुसरी कृती करावयाची. अडीच मीटरच्या दरवाज्यांचा नकाशा कारखान्याकडे रवाना झाला असेल, तर तो रद्द झाल्याचे कळविणे आणि सुधारित नकाशा नव्या क्रमांकाने पाठविणे, ही ती कृती. तशी पाठवणी करण्याचा अधिकार अभिकर्त्यास द्यावयाचा असेल, तर रद्द केल्याचे पत्र कोणाच्या सहीने जावे, हे आधीच ठरवून ठेवावे लागेल.