लवाद नेमण्यापूर्वी वकीलसाहेबांची कारकीर्द विचारा

काटेवाडी हे गाव बारामती–इंदापूर रस्त्यावर आहे. समजा, या रस्त्यावर एका कारागिराचे फॅब्रिकेशनचे दुकान आहे. त्याने बारामतीच्या एका ठेकेदार कंपनीला ग्रिल, खिडक्या आणि शटर बनवून दिली. माल पोहोचला, बसवूनही झाला. पण चार लाखांचे बिल अडकले. तगादा लावल्यावर कंपनीने करारपत्र पुढे केले. त्याच्या शेवटच्या पानावर लिहिले होते की, वाद झाल्यास कंपनी नेमील तो लवाद निवाडा देईल. कारागिराने सही केली तेव्हा ही ओळ वाचलीच नव्हती. पुढे एका वकीलसाहेबांचे पत्र आले, की आपली लवाद म्हणून नेमणूक झाली आहे, अमुक तारखेला हजर राहावे.

अशा वेळी आपले बांधव एकच प्रश्न विचारतात, ‘वकील हुशार आहे ना?’ खरे तर आधी विचारायला हवे ते हे, की या वकिलाने आजवर कोणाचे काम केले? कोणत्या कामात त्याची हयात गेली?

जुना अनुभव

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला. तेव्हा भीमथडी तालुक्यात असलेले हे गाव आज बारामती तालुक्यात आहे. या दंग्यांनंतर सरकारने १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तडजोडदार नेमण्याची सोय त्यात होती. शेतकऱ्यावर दावा लावण्यापूर्वी सावकाराला तडजोडदारापुढे जाऊन त्याचा दाखला आणावा लागे. पोलीस अंमलदाराला मात्र तडजोडदार होता येत नसे. ज्याच्या हुद्द्याची लोकांना धास्ती वाटते, त्याने घडवलेली तडजोड खुशीची नसते, एवढे त्या काळीही कळत होते.

त्याच सुमारास पुण्यात सार्वजनिक सभेने लवाद कोर्टाचा उपक्रम चालवला. त्यामागे असलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, स्वतः वकील होते. कोर्टातला खर्च आणि खेटे त्यांनी आतून पाहिले होते.

दोन शेठजींचा खटला

व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावे असे दुसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतले आहे. दादा अब्दुल्ला आणि तय्यब शेठ हे दोघे पोरबंदरचे मुसलमान व्यापारी, एकमेकांचे नातलग. त्यांच्यात सुमारे चाळीस हजार पौंडांचा दावा चालू होता. दादा अब्दुल्लांच्या पेढीने १८९३ साली मोहनदास गांधी नावाच्या तरुण बॅरिस्टरला कामावर बोलावले. मुंबईत त्यांची वकिली चालली नव्हती. हा खटला हिशेबाचा होता आणि त्यांना जमाखर्च येत नव्हता. त्यांनी जमाखर्चाचे पुस्तक विकत घेऊन तो विषय शिकून घेतला. वह्या वाचल्यावर दोन गोष्टी त्यांच्या ध्यानात आल्या. आपल्या अशिलाची बाजू बळकट आहे, आणि खटला असाच चालला तर वकिलांचा खर्च दोन्ही घरे बुडवील.

त्यांनी दोघांना लवादाला राजी केले. गांधी स्वतः लवाद झाले नाहीत, कारण ते एका बाजूचे वकील होते. लवाद वेगळा नेमला गेला. निवाडा दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला, सुमारे सदतीस हजार पौंड आणि खर्च. ही रक्कम एकदम भरावी लागली असती तर तय्यब शेठचे दिवाळे निघाले असते. तेव्हा गांधींनी आपल्याच अशिलाचे मन वळवून लांब मुदतीचे हप्ते पाडून घेतले. वकील, लवाद आणि समेट घडवणारा या तीन भूमिका कशा वेगळ्या असतात, हे या एका खटल्यात दिसते.

लवाद वेगळा, मध्यस्थ वेगळा

लवाद पुरावा पाहून निवाडा देतो आणि तो दोघांवर बंधनकारक असतो. मध्यस्थ निवाडा देत नाही. तो दोघांचे बोलणे घडवून आणतो आणि दोघांना पटेल तेवढेच कागदावर येते. म्हणून दोघांची पूर्वतयारीही वेगळी लागते.

निवृत्त न्यायाधीश, दिवाणी दावे लढवलेला वकील, कंपन्यांचे करार लिहिणारा वकील, जमिनीच्या कामात मुरलेला वकील, कौटुंबिक खटले चालवणारा वकील, असे नाना प्रकार या क्षेत्रात दिसतात. ज्याने आयुष्यभर साक्षी-पुरावे तपासले, त्याचा निवाडा सहसा पक्का असतो; पण निकाल देण्याची सवय असलेल्या माणसाला मध्यस्थ म्हणून गप्प बसून ऐकणे कधी कधी जड जाते. उलट, घरातली भांडणे मिटवलेली वकीलबाई भागीदारीतल्या दोन भावांना एका टेबलावर आणू शकेल. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली नेमलेल्या मध्यस्थी समितीने वकिलांसाठीही चाळीस तासांच्या प्रशिक्षणाची पद्धत घातली. नुसती सनद असली म्हणजे मध्यस्थी येते असे नाही.

लवाद वकीलच असावा असेही कायदा म्हणत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत लवादाच्या पात्रतेचे परिशिष्ट घातले होते. दहा वर्षांचा अनुभव असलेले वकील, चार्टर्ड अकाउंटंट, अभियंते वगैरे त्यात होते. २०२१ साली ते परिशिष्ट काढून टाकण्यात आले. लोखंडाच्या मापाचा वाद असेल तर त्या धंद्यातला जाणता, नि:पक्ष माणूसही दोघांच्या संमतीने लवाद होऊ शकतो.

कायदा काय विचारतो?

१९९६ च्या लवाद व तडजोड कायद्यात २०१५ साली महत्त्वाची दुरुस्ती झाली. लवाद होऊ इच्छिणाऱ्याने पक्षकारांशी असलेले आपले जुने-नवे संबंध लेखी उघड केले पाहिजेत. पक्षकाराचा नोकर, सल्लागार किंवा त्याच्याशी धंद्याचे संबंध असलेला माणूस लवाद होण्यास अपात्र ठरतो. म्हणजे कंपनीची कामे करणारा वकील त्याच कंपनीच्या वादात लवाद म्हणून चालत नाही. वाद उभा राहिल्यानंतर दोघांनी स्पष्ट लेखी संमती दिली तरच ही अपात्रता माफ होते. म्हणून अशा कोणत्याही संमतीपत्रावर समजून घेतल्याशिवाय सही करू नये.

ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने सरकारी कंत्राटांतील असे एकतर्फी कलम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवले. टेम्पो किंवा मशीनच्या कर्जावर फायनान्स कंपनीने नेमलेल्या लवादाची नोटीस आली, तर हे निकाल आपल्या वकिलाला जरूर दाखवावेत. नोटीस मात्र फाडून टाकू नये. गैरहजर राहिल्यास एकतर्फी निवाडा होऊ शकतो आणि त्याची वसुली कोर्टाच्या हुकूमनाम्याप्रमाणे होते. निवाड्याला आव्हान देण्याची मुदत तीन महिन्यांची आहे. सबळ कारण असेल तर फार तर तीस दिवस अधिक.

लहान धंद्याला परवडणारे मार्ग

लवादाची फी लहान नसते. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला ४५ हजार रुपये फीचा नमुना दिला आहे. आपल्या कारागिराचे बिलच चार लाखांचे. म्हणून आधी दुसरे दरवाजे पाहावेत.

पहिला दरवाजा लोकअदालतीचा. तिथे फी नाही, चालू दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि तडजोड अंतिम ठरते. दुसरा मध्यस्थीचा. तीन लाख व त्यावरील व्यापारी दाव्यात, तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर, दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २०२२ रोजी ते स्पष्ट केले.

तिसरा दरवाजा कारागिरांसाठी सर्वांत मोलाचा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते आणि सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. करारात कंपनीच्या लवादाचे कलम असले तरी हा मार्ग बंद होत नाही, असा निकाल ऑक्टोबर २०२२ मध्ये लागला. अट एवढीच, की उद्यम नोंदणी व्यवहाराआधीची हवी. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला मात्र २०२१ च्या आदेशानुसार नोंदणीचा लाभ बँक कर्जापुरताच ठेवला आहे.

सही करण्यापूर्वी

आपल्या मोहल्ल्यांत पंच बसवून सुलह करण्याची चाल जुनीच आहे. पंच निवडताना आपण त्याची सोयरीक, देणे-घेणे, स्वभाव सारे पाहतो. वकील लवाद निवडताना हीच चौकशी का सोडावी? करारावर सही करण्यापूर्वी शेवटचे पान वाचा. लवाद दोघांच्या संमतीने नेमला जाईल आणि त्याची बैठक बारामतीत होईल, असे लिहून घ्या. वाद झालाच तर लवादाकडे लेखी खुलासा मागा: आपण या पक्षकाराचे काम पूर्वी केले आहे काय? हा व्यवहार आपल्याला कितपत ठाऊक आहे? सचोटीच्या वकिलाला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्या हाती आपले चार लाख सोपवण्यापूर्वी दहादा विचार करावा.