भाताने भरलेली ढोबळी मिरची : एक आहारविमर्श

मधुमेहाच्या एका पन्नाशीच्या रुग्णेने दोन वर्षांपूर्वी मोठ्या समाधानाने सांगितले होते, “डॉक्टरसाहेब, भात पूर्ण सोडला. रात्री पोळीसुद्धा घेत नाही. नुसती भाजी खाते.” पथ्य इतके कडक असूनही उपाशीपोटीची रक्तशर्करा मात्र उतरण्याऐवजी चढत होती. मी औषधयोजना बदलली, मात्रा वाढवली, अग्नीचा आणि निद्रेचा विचार केला. भाजी कोणती, हे विचारायचे तेवढे राहिले. तिसऱ्या खेपेस सोबत आलेल्या सूनबाईंकडून कळले, की ती भाजी म्हणजे भात भरून केलेल्या दोन ढोबळ्या मिरच्या होत्या. भात ताटातून निघून मिरचीत जाऊन बसला होता.

हा पदार्थ आता आपल्या घरांतून पुष्कळ दिसतो. आपल्याकडील जुन्या भरल्या ढोबळ्या मिरचीत बेसन किंवा बटाटा आणि शेंगदाण्याचे कूट असते. भाताचे सारण ही पद्धत मुख्यत्वे तुर्कस्तान, बाल्कन प्रदेश आणि हंगेरीकडची. तुर्की भाषेत अशा पदार्थांना ‘दोलमा’ म्हणजे ‘भरलेले’ असेच नाव आहे, आणि तेथील निरामिष प्रकार ऑलिव्ह तेलात शिजवून थंड खातात. रुग्ण याविषयी विचारतात तेव्हा “संहितेत ढोबळी मिरची नाही” एवढे उत्तर पुरेसे होत नाही.

ती संहितेत नाही हे खरेच. मिरचीवर्गाचे मूळ अमेरिका खंडात असून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत ती आपल्या किनाऱ्यावर आली. परंतु त्याच शतकातील भावमिश्रांनी फिरंग रोगाचे वर्णन करताना परदेशातून आलेली द्वीपांतर वचा, म्हणजे चोपचिनी, आपल्या ग्रंथात समाविष्ट केली. नवे द्रव्य पारखून घेण्याची ही परंपरा आपलीच आहे.

आता द्रव्याचा विचार. ढोबळी मिरची व तिखट मिरची एकाच जातीच्या वनस्पतीची फळे असली तरी ढोबळीमध्ये तिखटपणा देणारे कॅप्सेसिन जवळजवळ नसते. म्हणून तिखट मिरचीचे उष्ण-तीक्ष्ण गुण हिच्यावर सरसकट लादणे योग्य नाही. हिरवी ढोबळी हे अपक्व फळ असून तिची चव किंचित कडवट असते. तेच फळ पिकून लाल झाले की मधुर होते. तिची साल मात्र चिवट असते. मंदाग्नी असलेल्या व्यक्तींना ती खाल्ल्यावर ढेकरा येतात व पोट जड होते, असे मला वारंवार आढळले आहे. अशांसाठी मिरची विस्तवावर भाजून साल काढून घ्यावी.

अर्वाचीन पोषणशास्त्राच्या दृष्टीने १०० ग्रॅम कच्च्या हिरव्या ढोबळी मिरचीत सुमारे ९४ ग्रॅम पाणी, साडेचार ग्रॅम कर्बोदके, पावणेदोन ग्रॅम तंतू आणि जेमतेम २० कॅलरी असतात. तिचे खरे वैभव ‘क’ जीवनसत्त्वात आहे. हिरवीत ते सुमारे ८० मिलिग्रॅम, तर लालमध्ये १२० मिलिग्रॅमहून अधिक असते. हंगेरीतील सेगेद येथे अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी हे जीवनसत्त्व विपुल प्रमाणात मिळवले ते पाप्रिका मिरचीपासूनच. त्यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अर्थात शिजवताना यातील बराच भाग नष्ट होतो. मिरच्या आधी पाण्यात उकळून ते पाणी फेकून देण्याची कृती सर्वांत वाईट. झाकण ठेवून अल्प पाण्यात वाफवल्यास हानी कमी होते आणि सुटलेला रस सारणातच मुरतो.

एका मध्यम मिरचीत साधारण ८० ग्रॅम शिजलेला पांढरा भात बसतो. त्यातून सुमारे २२ ग्रॅम कर्बोदके, शंभराच्या आसपास कॅलरी आणि फक्त दोन ग्रॅमच्या थोडी वर प्रथिने मिळतात. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीतही कर्बोदके जवळपास तेवढीच असतात. म्हणजे एका मिरचीत एक पोळी दडलेली आहे. वर एक चमचा तेल धरले तर ४५ कॅलरी आणखी वाढतात. आमच्या रुग्णेची ‘नुसती भाजी’ ही अशी दोन पोळ्यांची होती.

गंमत अशी की, याचे उत्तर चरकसंहितेत आधीच आहे. सूत्रस्थानातील अन्नपानविधी अध्यायात शाक, तेल, तूप, फळे इत्यादींसह सिद्ध केलेला ओदन बल्य, संतर्पण, हृद्य, गुरू व बृंहण सांगितला आहे. आपला पदार्थ याहून वेगळा काय आहे? मिरचीचे नाव सापडत नाही म्हणून आपण थबकतो, पण पदार्थ शाकसिद्ध ओदनाचाच आहे. प्रमेह हा संतर्पणोत्थ विकार असल्याने तेथे तो अपथ्य ठरतो. कृश, श्रमजीवी किंवा दीर्घ आजारातून उठलेल्या, परंतु अग्नी सावरलेल्या व्यक्तीस तोच पदार्थ हितकर होईल. विमानस्थानातील आठ आहारविधिविशेषायतनांपैकी करण, संयोग व राशी ही तीन येथे विशेष लक्षात घ्यावीत.

संयोग बदलला की पदार्थ बदलतो. भाताच्या प्रथिनांत लायसिन कमी असते, आणि डाळी-कडधान्यांत ते चांगले असते. म्हणून भाताचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्यावर आणून उरलेले सारण शिजवलेली मुगाची डाळ, मोड आलेले मूग किंवा थोडे पनीर यांचे करावे. वीस ग्रॅम भाजलेल्या बेसनातून साडेचार ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, म्हणजे ८० ग्रॅम भाताच्या दुप्पट. या बाबतीत आपल्या आजीचे बेसनाचे सारण अधिक शहाणपणाचे होते, असे माझे मत आहे. पांडुरोगी स्त्रियांना आणखी एक लाभ होतो. डाळींतील लोह सहज शोषले जात नाही, पण त्याच घासात ‘क’ जीवनसत्त्व असल्यास शोषण सुधारते. जेवणावर लगेच चहा घेतल्यास मात्र हा लाभ बराचसा वाया जातो. फोडणीचे तेलही निरर्थक नाही, कारण लाल मिरचीतील कॅरोटिनॉइड द्रव्ये स्नेहाच्या सान्निध्यातच नीट शोषली जातात. तांदूळ जुना घ्यावा व आधी किंचित भाजून शिजवावा म्हणजे तो लघू होतो.

गृहिणींना एक गोष्ट आवर्जून सांगावी. हा पदार्थ बहुधा उरलेला भात संपवण्यासाठी केला जातो. शिजलेला भात उन्हाळ्याच्या दिवसांत तासन्तास ओट्यावर राहिला तर बॅसिलस सेरियस नावाचे जंतू त्यात वाढतात. त्यांचे बीजाणू भात शिजवतानाही मरत नाहीत, आणि त्यांनी निर्माण केलेले वांतिकारक विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. पर्युषित अन्नाचा आपला निषेध येथे शब्दशः लागू पडतो. सकाळचा भात वापरायचाच असेल तर तो तासाभरात पसरून, थंड करून शीतकपाटात ठेवलेला असावा. मुलांच्या डब्यासाठी मात्र सारणाचा भात ताजाच करावा.

आमच्या रुग्णेने मिरची सोडली नाही. सूनबाईंनी आता सारण मुगाचे केले आहे, आणि भात त्यात चवीपुरता, दोन चमचे असतो.