कोपर निखळले तर

कोल्हापूर म्हणजे कुस्तीचे गाव. शाहू महाराजांनी येथे खासबागेचे मैदान बांधले. १९१२ सालापासून तेथे कुस्त्या होत आल्या आहेत. गावोगावी तालमी आहेत. तालमीतली तांबडी माती मऊ असते. तीत ताक, तेल, हळद घालतात. पण माती कितीही मऊ असो, पडताना हात टेकला की अंगाचा सारा भार कोपरावर येतो. मग कोपर निखळते.

हे पैलवानालाच होते असे नाही. पावसात बांधावरून पाय घसरतो. कोणी झाडावरून पडतो. कोणाची मोटारसायकल घसरते. म्हणून ही माहिती प्रत्येकाला असावी.

आमच्या शाळेत शिकून गेलेला एक मुलगा तालमीत जात असे. सरावात तो हातावर पडला आणि कोपर निखळले. दवाखान्यात डॉक्टरांनी ते जागेवर बसवले. प्लास्टरची पट्टी बांधली, हात गळ्यात अडकवला आणि आठ दिवसांनी या म्हणून सांगितले. तो आमच्याकडे आला. आम्ही शहाणपणाने म्हणालो, "बाळ, मोडकी फांदी हलवू नये. हात अजिबात हलवू नकोस. दवाखान्याची घाई नको." गुरुजींचा शब्द त्याने मानला. सहा आठवडे हात गळ्यातच ठेवला.

मग तो परत आला. "गुरुजी, हात सरळबी होईना, वाकंबी ना. घास तोंडापत्तोर जात न्हाई." घरी दोन म्हशी. धार काढायची कोणी?

आमचे काय चुकले? ते कळण्यासाठी कोपर कसे असते ते पाहू.

कोपरात तीन हाडे एकत्र येतात. एक दंडाचे. दोन कोपरापासून मनगटापर्यंतची. करंगळीच्या बाजूचे हाड दंडाच्या हाडाला आकड्यासारखे धरून बसते. त्यामुळे हात दाराच्या बिजागरीसारखा वाकतो. अंगठ्याच्या बाजूचे हाड स्वतःभोवती फिरते. त्यामुळे तळहात उताणा आणि पालथा होतो. ही हाडे चिवट पट्ट्यांनी बांधलेली असतात. कोपर निखळते तेव्हा हे पट्टे फाटतात.

हाड जागेवर बसले, तरी पट्टे लगेच भरून येत नाहीत. म्हणून दोन धोके असतात. हात फार दिवस बांधून ठेवला, तर बिजागरी गंजावी तसा सांधा आखडतो. उलट घाईने ओढाताण केली, तर सांधा ढिला राहतो. तो पुन्हा सरकू लागतो. उपचाराची वाट या दोन्हींच्या मधून जाते.

साध्या दुखापतीत हात बहुधा एक ते दोन आठवडेच बांधून ठेवतात. तीन आठवड्यांच्या पुढे बांधला, तर तो आखडण्याची भीती फार वाढते. हाडही मोडले असेल, तर मात्र डॉक्टर वेगळे सांगतात. पुढचे व्यायाम फिजिओथेरपीचे जाणकार शिकवतात.

हे व्यायाम साधारण असे असतात.

बोटे पहिल्या दिवसापासून हलवायची. मूठ मिटायची, उघडायची. त्याने सूज उतरते.

पट्टी सुटली की उताणे निजायचे. दुखरा हात आढ्याकडे उभा धरायचा. चांगल्या हाताचा आधार द्यायचा. मग कोपर हळूहळू वाकवून हात कपाळाकडे आणायचा आणि पुन्हा वर न्यायचा. निजूनच का? असे केल्याने हाताचे वजन हाडांना एकमेकांवर दाबते. सांधा सरकत नाही. हात किती सरळ करायचा हे जाणकार ठरवतात. ते ही हद्द हळूहळू वाढवतात.

नंतर कोपर कुशीला लावून काटकोनात वाकवायचे. तळहात उताणा, पालथा करायचा. हे सारे थोडे थोडे, पण दिवसातून चार-पाच वेळा करायचे. थोडा ताण बसेल. पण कळ मारू लागली तर थांबायचे.

ताकदीचे व्यायाम पुढे येतात. ओले फडके पिळायचे, मग पाण्याचा लहान तांब्या उचलायचा. कुस्ती, ऊसतोड, वैरणीचा भारा यांना तीन महिने किंवा जास्तही लागतात. डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय आखाड्यात उतरू नये.

आता काय करू नये ते सांगतो. कोपर चोळू नये. जोराने चोळले, ओढले, तर सांध्याभोवतीच्या मांसात नवे हाड तयार होऊ शकते. मग हात कायमचा अडकतो. हात सरळ व्हावा म्हणून त्याला बादली लटकवू नये. तळहात टेकून जमिनीवरून उठू नये. त्याने ढिला सांधा पुन्हा सरकतो.

त्या मुलाला आम्ही स्वतः मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. तेथल्या बाईंनी त्याला व्यायाम शिकवले. आम्हालाही ऐकवले, "गुरुजी, हात लवकर हलवायला हवा होता." आम्ही मान खाली घातली. मुलाने रोज नेमाने व्यायाम केले. दोन महिन्यांनी घास तोंडापर्यंत गेला. सहा महिन्यांनी तो धार काढू लागला. पण हात अजून पुरता सरळ होत नाही. तो आम्हाला कधी बोलत नाही. तरी तो वाकडा हात दिसला की आम्हाला आमचा सल्ला आठवतो. म्हणून हा पाठ लिहिला.

लक्षात ठेवा :

१. कोपर निखळले तर घरी ओढून बसवू नका. हात आहे तसा फडक्याने बांधा आणि दवाखाना गाठा. कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे आपला थोरला दवाखाना, सरकारी आहे.

२. बसवण्याआधी आणि नंतर एक्स-रे काढतात. हाडाचा तुकडा मोडला आहे का, हे त्यात दिसते.

३. बोटे गार, पांढरी किंवा बधिर झाली, पट्टीत असह्य कळा येऊ लागल्या, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच घटकेला दवाखान्यात जा.

४. डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका. कोणी वडीलधारे "राहू दे" म्हणाले तरी चुकवू नका. मग ते तुमचे गुरुजी का असेनात!