पाण्याची परीक्षा : खुनी नदीच्या खोऱ्याचा विचार

पाणी नितळ दिसलें म्हणजे तें शुद्ध असलेंच पाहिजे, अशी घरोघरीं समजूत असते. यवतमाळ जिल्ह्यांतील पांढरकवड्याच्या प्रदेशानें ती खोटी ठरविली आहे. गांवाजवळून वाहणारी खुनी नदी पावसाळ्यांत गढूळ होते, म्हणून शंका घेतली जाते ती तिच्याविषयीं. परंतु या केळापूर तालुक्यांतील व शेजारच्या झरी-जामणी भागांतील कित्येक विहिरींच्या व कूपनलिकांच्या नितळ पाण्यांत फ्लोराइड हा क्षार मर्यादेबाहेर आढळला आहे. २०१२ च्या भारतीय मानकाप्रमाणें तो लिटरमागें १ मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरें पाणी नसल्यास १.५ पर्यंत चालवून घ्यावा. याहून अधिक क्षाराचें पाणी वर्षानुवर्षें पोटांत गेल्यास मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढें हाडें व सांधे ताठतात.

हा क्षार भूगर्भांतील खडकांतून पाण्यांत उतरतो. नदींतील मळ मात्र वस्तीच्या सांडपाण्यांतून व शेतांतील खतांतून, औषधांतून येतो. रोग दोन, निदानेंही दोन. म्हणून या खोऱ्याची शास्त्रीय पाहणी करावयाची असेल तर आधीं प्रश्न ठरवावा, बाटली मागाहून भरावी.

पहिलें काम नकाशाचें. ज्या ज्या उंचवट्यावरून पावसाचें पाणी उतरून अखेर नदीस मिळतें, तेथपर्यंतची सारी जमीन तिच्या खोऱ्यांत मोडते. खुनीचें पाणी पैनगंगेस, पैनगंगेचें वर्धेस आणि तेथून प्राणहितेच्या मार्गें गोदावरीस जातें. येथील मळाचे वांटेकरी दूरवर आहेत. नमुना वस्तीच्या वरच्या बाजूस एक घ्यावा व खालच्या बाजूस, नाल्याचें पाणी प्रवाहांत पुरतें मिसळल्यावर, दुसरा घ्यावा. वरचा नमुना नसेल तर दोष गांवाचा कीं वरून आलेला, हें सांगतां येणार नाहीं.

दुसरें काम काळाचें. वैशाखांत प्रवाह क्षीण असल्यामुळें सांडपाण्याचा अंश वाढतो. पहिल्या पावसांत जमिनीवरील घाण वाहून येते. कपाशीवरील फवारणीच्या दिवसांत औषधांची तपासणी निराळी करावी. २०१७ सालीं याच जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले, हें विसरतां येत नाहीं. प्रत्येक वेळीं प्रवाहही मोजावा, म्हणजे एकूण किती मळ वाहून गेला तें कळतें.

तिसरें काम नमुन्याच्या जपणुकीचें. विरघळलेल्या प्राणवायूची परीक्षा नदीकांठींच सुरू करावी. जंतूंसाठीं निर्जंतुक बाटली बर्फांत ठेवून चोवीस तासांच्या आंत प्रयोगशाळेंत पोंचवावी. फ्लोराइडसाठीं प्लास्टिकची बाटली घ्यावी, कारण तो कांचेशीं संयोग पावतो.

सुश्रुतसंहितेंत पाणी निवळण्याच्या साधनांत कतकाची, म्हणजे निवळीच्या बियांची, गणना आहे. निवळीनें गाळ बसतो, उकळल्यानें जंतु मरतात. पण फ्लोराइड यांपैकीं कशानेंही जात नाहीं. उलट पाणी आटलें तर त्याचें प्रमाण वाढतें! नीट गाळून जंतुरहित केलेलें गढूळ नदीचें पाणी एखाद्या नितळ विहिरीपेक्षां हितकर ठरूं शकेल, तें याच कारणानें. मात्र हा निर्णय परीक्षेनंतरच द्यावा.

अहवाल कपाटांत गेला तर हे सारे श्रम वायां गेले. कोणती विहीर पिण्याची आणि कोणती केवळ धुण्याभांड्यांची, हें प्रत्येक गृहिणीस कळेल अशी स्पष्ट पाटी विहिरीवर लागली, म्हणजे पाहणी सफल झाली असें समजावें.