राणी बैठकीला येत नसे

‘प्रिव्ही कौन्सिल’ हे नाव मराठी माणसाच्या कानावर आलं ते कोर्टकज्ज्यांमुळे. ताई महाराज प्रकरणात लोकमान्य टिळकांच्या बाजूने शेवटचा निकाल लागला तो १९१५ साली, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात. तिथली न्यायसमिती १८३३ सालची. पण ती ज्या मंडळाची समिती होती, ते मंडळ फार जुनं. सोळाव्या शतकात पहिल्या एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडचा रोजचा कारभार हेच मंडळ हाकत होतं, आणि त्याच्या बैठकीला राणी स्वतः क्वचितच जात असे. तिच्या हुकमतीचं मर्म मला या न जाण्यातच दिसतं.

१७ नोव्हेंबर १५५८ रोजी ती गादीवर आली तेव्हा पंचवीस वर्षांची होती. तीनच दिवसांनी हॅटफिल्डच्या वाड्यात तिच्या मंडळाची पहिली बैठक भरली. तिची बहीण मेरी हिच्या मंडळात चाळीसच्या वर माणसं होती. एलिझाबेथने ती विसाच्या आसपास आणली, आणि राजवटीच्या अखेरीस जेमतेम डझनभर उरली. सचिव म्हणून तिने विल्यम सेसिलला नेमलं. हाच पुढे लॉर्ड बर्ली झाला, खजिनदार झाला आणि १५९८ साली मरेपर्यंत तिच्या सेवेत राहिला. तिच्या वडिलांनी थॉमस मोर आणि थॉमस क्रॉमवेल या दोन कर्तबगार मंत्र्यांची डोकी उडवली होती. त्या घराण्यात एका माणसाने चाळीस वर्षं टिकून राहणं ही सेसिलची जितकी हुशारी, तितकीच राणीची पारख.

या मंडळाच्या हाताशी होतं तरी काय? खडी फौज नव्हती, पोलीस नव्हते, पगारी अधिकारी मूठभर. तीस-चाळीस लाख वस्तीचा देश चालायचा तो पत्रांवर. मंडळाचा कारकून मजकूर लिहायचा, हजर असलेले सभासद खाली सह्या करायचे आणि स्वार ते पत्र घेऊन परगण्यात जायचा. तिथे ते पडायचं ‘जस्टिस ऑफ द पीस’च्या हाती. हा माणूस तिथलाच जमीनदार, आणि बिनपगारी. त्याचं नाव यादीतून उडालं तर चार लोकांत त्याची मान खाली जायची, आणि या धाकावरच तो राबायचा.

१५८६ साली पीक बुडालं तेव्हा हे यंत्र कसं फिरलं ते पाहण्याजोगं आहे. जानेवारी १५८७ मध्ये मंडळाचे छापील हुकूम परगण्यापरगण्यांत गेले: कोठारं तपासा, कुणाकडे किती धान्य आहे ते लिहून घ्या, घरखर्च आणि बियाणं वगळून उरलेलं बाजारात आणायला लावा, आणि बाजारात आधी गरिबाला थोडं थोडं विकत घेऊ द्या. पोट आणि बंड यांचं नातं हे मंडळ पुरतं ओळखून होतं. देशाची माहिती हाताशी ठेवण्याची ही सवय इतर बाबतींतही दिसते. सॅक्स्टनचा इंग्लंडचा नकाशासंग्रह १५७९ साली निघाला, पण त्याचे कच्चे छाप बर्लीच्या हाती आधीच पोचत होते. त्यांवर तो स्वतःच्या हाताने टिपणं करी, त्या त्या भागातल्या वजनदार माणसांची नावं लिहून ठेवी.

याच मंडळाचं दुसरं तोंड भेसूर होतं. इंग्लंडच्या कायद्यात छळ करून जबाब घेण्याला जागा नव्हती; त्यासाठी मंडळाचाच खास हुकूम लागे. असे जे हुकूम आज ठाऊक आहेत, त्यांतले निम्म्याहून अधिक एलिझाबेथच्या राजवटीतले आहेत. तिच्या काळाला सुवर्णयुग म्हणताना हे विसरता येत नाही, विसरू नये.

राणी बैठकीला जात नसे, पण बैठकीत काय झालं ते तिला कळायचं. सल्ला ती एकेकट्याला बोलावून घेई. त्यामुळे दुसऱ्याने तिच्या कानी काय घातलं आहे, याचा कुणालाच पत्ता नसे. सेसिल आणि राणीचा लाडका सरदार लेस्टर यांचं आपसात पटत नसे, आणि तिने ते पटवायचा फारसा प्रयत्नही केला नाही. लग्न, वारस, युद्ध या विषयांवर मंडळ आणि संसद विनवून थकले, तिने ताकास तूर लागू दिली नाही. बाहेरच्याने त्यात तोंड घातलेलं तर तिला मुळीच खपत नसे: १५७९ साली तिच्या ठरू घातलेल्या फ्रेंच लग्नाविरुद्ध पुस्तिका लिहिणाऱ्या जॉन स्टब्जचा उजवा हातच तोडला गेला.

तिची सही मिळवणं हे तर स्वतंत्र शास्त्र होतं. मंडळाचा कारकून रॉबर्ट बील याने १५९२ साली सचिवपदाविषयी एक टिपण लिहिलं. त्यात तो सांगतो की, राणीसमोर जाण्याआधी तिच्या खासगी दालनातल्या कुणाकडून तरी आज मर्जी कशी आहे ते काढून घ्यावं, आणि ती सह्या करत असताना तिला रुचेल असं काहीतरी बोलत राहावं.

याच बीलला १५८७ च्या फेब्रुवारीत एक कागद घेऊन फॉदरिंगे किल्ल्यावर जावं लागलं होतं. तो कागद म्हणजे एलिझाबेथच्या कैदेत असलेल्या स्कॉटलंडच्या राणी मेरीच्या मृत्युदंडाचा हुकूम. मेरीची गुप्त पत्रं बिअरच्या पिंपातून बाहेर जात आणि वाटेत राणीचा सचिव वॉल्सिंगहॅम याची माणसं ती उलगडत. एलिझाबेथला मारण्याच्या बॅबिंग्टन कटात मेरी अशीच सापडली. एलिझाबेथने महिनोन्‌महिने चालढकल केली. अखेर १ फेब्रुवारीला सही करून कागद दुसरा सचिव विल्यम डेव्हिसन याच्या हाती दिला. त्याच वेळी मेरीच्या पहारेकऱ्याने तिला गुपचूप संपवावं, असंही तिने सुचवलं. पहारेकरी पॉलेट याने साफ नकार दिला. दुसऱ्या दिवशी, अजून शिक्का मारू नकोस, असा राणीचा निरोप आला. पण शिक्का मारून झाला होता. ३ फेब्रुवारीला बर्लीच्या खोलीत सभासद जमले आणि राणीला न विचारता हुकूम धाडायचं ठरवून मोकळे झाले. ८ तारखेला मेरीचं शिर उडालं.

राणीचा संताप अनावर झाला. बर्लीला कित्येक आठवडे तिने समोर उभं केलं नाही. डेव्हिसनवर खटला भरला, जबर दंड झाला, त्याची रवानगी टॉवरच्या तुरुंगात झाली. तिचा राग सोंग होता असं मला वाटत नाही. तिला मेरी मेलेली हवी होती, पण मारणारा हात आपला नको होता. शिवाय चव्वेचाळीस वर्षांत हे एकदाच असं घडलं की एवढा मोठा निर्णय मंडळाने तिच्या पाठीमागे पार पाडला.

पुढे वारसाच्या बाबतीत मंडळातल्या एकाने असंच केलं, फक्त ते राणीला कधीच कळलं नाही. वारस कोण, यावर संसदेत तोंड उघडू पाहणारा पीटर वेंटवर्थ टॉवरमध्येच मेला होता. तरी बर्लीचा मुलगा रॉबर्ट सेसिल १६०१ पासून स्कॉटलंडचा राजा जेम्स याच्याशी गुप्त पत्रव्यवहार करत होता, आणि राणी शेवटच्या दुखण्यात असतानाच त्याने नव्या राजाच्या द्वाहीचा मसुदा जेम्सकडे धाडला. २४ मार्च १६०३ रोजी पहाटे रिचमंडच्या राजवाड्यात एलिझाबेथ गेली. राजा मेला की कायद्याने मंडळही बरखास्त होई, पण त्याच सकाळी रॉबर्ट सेसिलने व्हाइटहॉलला द्वाही वाचून दाखवली. कुठे दंगा झाला नाही, कुणी तलवार उपसली नाही. जेम्सने मंडळातल्या जुन्या माणसांना कामावर तसंच ठेवलं.