वेरूळच्या अंधारातून पॅरिसच्या सभागृहात

धुळ्याहून सोलापूरकडे जाणारा महामार्ग चाळीसगाव ओलांडून औट्रम घाट चढतो आणि कन्नडमार्गे वेरूळला पोचतो. घृष्णेश्वराच्या दर्शनाला निघालेली खानदेशातील कुटुंबे याच वाटेने जातात आणि कैलास लेणे पाहून परततात. त्याच वेरूळच्या लेण्यांनी शतकापूर्वी एका फ्रेंच संगीतकाराला मोठी वाद्यवृंद रचना सुचविली, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

आल्बेर रूसेल (१८६९-१९३७) हा मूळचा नौदल अधिकारी. १८९४ मध्ये राजीनामा देऊन तो पूर्णवेळ संगीताकडे वळला आणि पुढे पॅरिसच्या 'स्कोला कांतोरुम' या संस्थेत शिकवू लागला. त्याचा एक विद्यार्थी, एरिक साती, गुरूहून तीन वर्षांनी मोठा होता! १९०९ मध्ये रूसेल पत्नीसह भारतात आला. परतल्यावर १९१०-११ मध्ये त्याने 'एव्होकास्याँ' ही तीन भागांची रचना लिहिली. १८ मे १९१२ रोजी पॅरिसमध्ये ती प्रथम सादर झाली.

पहिल्या भागाचे शीर्षक 'गुहांच्या सावलीतील देव'. हे वेरूळ. दुसरा भाग जयपूरचा, तिसरा काशीचा. शीर्षकांत मात्र एकाही गावाचे नाव नाही. प्रवासवर्णन लिहिण्याचा रूसेलचा हेतूच नव्हता. पाहिलेल्या स्थळाने मनात जे उरले, ते त्याला स्वरांत मांडायचे होते. पौर्वात्य वाटणारी एखादी चाल वाद्यवृंदावर चिकटविण्याची युरोपात तेव्हा रूढ असलेली युक्ती त्याने पहिल्या दोन्ही भागांत टाळली, हे या कृतीचे खरे मोठेपण. अपवाद तिसऱ्या भागाचा. काशीत गंगेकाठी एका फकिराकडून ऐकलेली चाल तेथे पुरुषगायकाच्या तोंडी येते.

रागदारीवर पोसलेल्या कानाला ही रचना आरंभी परकी वाटेल. येथे अखंड वाजणारा षड्ज नाही आणि एका रागाची सावकाश बढतही नाही. अनेक वाद्ये एकाच वेळी भिन्न स्वर धरतात. त्या स्वरांच्या मिश्रणातून छाया-प्रकाश निर्माण होतो. वेरूळच्या भागात गायन नाही, सारे काम वाद्यांचे आहे. राग ओळखू पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही. लेण्यात शिरताना डोळ्यांना अंधाराची सवय हळूहळू होते, तसेच ऐकावे लागते.

पहिल्या प्रयोगानंतर सुमारे वर्षभराने, २९ मे १९१३ रोजी, स्ट्राव्हिन्स्कीच्या वसंतोत्सवावरील नृत्यनाट्याने पॅरिसमध्ये गदारोळ उडविला. त्या गाजलेल्या कृतीपुढे रूसेलचा संयत प्रयोग झाकोळला. भारताची ओढ मात्र सुटली नाही. चितोडच्या राणीवरील त्याची 'पद्मावती' १९२३ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात रंगमंचावर आली. 'एव्होकास्याँ'ची पूर्ण लांबी सुमारे पाऊण तास आहे. मिशेल प्लासाँ यांनी तुलूझच्या वाद्यवृंदासह आणि अलीकडे, २०१८ मध्ये, याँ पास्कल तोर्तलिए यांनी बीबीसी फिलहार्मोनिकसह केलेली तिची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत.